उचल मोजा, साहेब

प्रति,
समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे नियम करणारे, ते तपासणारे आणि बार्ज ठेक्याने घेणारे सर्व अधिकारी

विषय : क्रेनला टांगलेल्या बास्केटमधून माणसं उतरवताना फक्त लाटेची उंची विचारली जाते, त्याबाबत

महोदय,

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची किंवा रेवसची लाँच आपण कधी पकडली असेल, तर या पत्राचा विषय आपल्याला अर्धा कळलेलाच आहे. लाँच दोराने बांधलेली असते, तरी पायरीपाशी ती वर येते, खाली जाते, परत वर येते. खलाशी आपला दंड धरून ठेवतो. "थांबा, थांबा... हां, आता!" म्हणतो आणि आपण पाय टाकतो. बंदराच्या आतलं पाणी ते, फार तर फूट-दीड फुटाचा खेळ. तरी एखादी आजी घाबरून मागे सरते आणि सगळी रांग खोळंबते.

मी अठ्ठावीस वर्षं तो खलाशी होतो. फक्त माझ्या आणि पाय टाकणाऱ्याच्या मध्ये क्रेनचा तीस मीटर दोर असायचा, आणि खाली मुंबईपासून १६० किलोमीटर आतला समुद्र.

मी शिवडीचा. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या घरात तेच झालं जे चाळीतल्या सगळ्या घरांत झालं. मी गोदीत क्रेन शिकलो आणि १९९१ पासून ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलकामाला लागलो. कधी प्लॅटफॉर्मच्या क्रेनवर, कधी बार्जच्या (बार्ज म्हणजे चपटं, तरंगतं जहाज), पण कायम ठेकेदाराचा माणूस म्हणून. २०१९ ला थांबलो. आता हे पत्र लिहायचं कारण माझा भाचा. तो रिगर म्हणून, म्हणजे क्रेनला ओझी बांधणारा म्हणून, पहिल्या सीझनला निघालाय. क्रेनने काही उचलण्याआधी जो परवाना भरतात, त्या लिफ्टिंग परवान्याच्या ट्रेनिंगमध्ये दिलेल्या नमुन्याचा फोटो त्याने मला फोनवर दाखवला. त्यात चार चौकोन आहेत : वाऱ्याचा वेग, किती लांबचं दिसतं, लाटेची उंची, क्रेनची तपासणी झाली का. हेच चार चौकोन मी वर्षानुवर्षं भरले. अक्षरं बदललीत, कोपऱ्यातला लोगो रंगीत झालाय. पाचवा चौकोन काही आलेला नाही.

तो पाचवा चौकोन म्हणजे उचल. इंग्रजी कागदांत हीव्ह लिहितात. तरंगणारी वस्तू लाटेवर सरळ उभी वर जाते आणि खाली येते, ती हालचाल. आम्ही मराठी पोरं तिला उचल म्हणायचो. (यावरून एकदा गंमतही झाली. "आज उचल जास्त आहे" असं मी वॉकीटॉकीवर बोललो आणि साताऱ्याकडचा एक नवा वेल्डर खूश झाला. त्याला वाटलं मुकादम आगाऊ पैसे वाढवून देतोय.)

टीव्हीवर मुंबई हायला, म्हणजे आमच्या त्या समुद्रातल्या तेलक्षेत्राला, 'तरंगते प्लॅटफॉर्म' म्हणतात. तसं नाही. तिथे पाणी ७५-८० मीटर खोल. १९७४ मध्ये सागर सम्राटने तिथे तेल शोधलं, ती रिगसुद्धा तळाला पाय टेकवून उभी राहणारी होती. आजचे प्लॅटफॉर्म तळात खांब ठोकून बसवलेले आहेत, ते वर-खाली होत नाहीत. तरंगतात ती त्यांच्या शेजारची : राहण्याच्या बार्ज, पाईप टाकणाऱ्या बार्ज, सप्लाय बोटी, ड्रिलशिप. एक जागचं हलत नाही, दुसरं क्षणभर थांबत नाही, आणि माणसं ये-जा करतात ती या दोघांच्या मधल्या फटीतून. बार्जला आठ-आठ नांगर टाकतात म्हणून कार्यालयात बसलेल्याला वाटतं की ती पक्की बांधलेली आहे. नांगराची तार आडवं धरते. उभं धरणारं तिथे काहीच नसतं.

आता लाटेच्या उंचीबद्दल, कारण सगळा घोळ तिथे आहे.

समजा आज लाट दोन मीटरची आहे. एका शिखरापासून दुसरं शिखर यायला ६ सेकंद लागत असतील तर खोल पाण्यात त्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर भरते. शंभर मीटरच्या बार्जखाली तिची शिखरं आणि खळगे दोन्ही एकदम मावतात. एक उचलतो, दुसरा खाली ओढतो, आणि बार्ज जेमतेम हलते. आता तीच दोन मीटरची लाट १२ सेकंदांच्या अंतराने येऊ द्या. तिची लांबी दोनशे मीटरच्या वर जाते. अख्खी बार्ज तिच्या एका उतारावर बसते आणि, विशेषतः लाट आडवी आली तर, जवळपास पूर्ण दोन मीटर वर जाऊन दोन मीटर खाली येते. फॉर्मवर दोन्ही दिवशी एकच आकडा. सही करणाऱ्याला दोन्ही दिवस सारखेच.

शिवाय तो आकडाही सरासरीचा असतो : मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. तीन तासांत हजाराच्या वर लाटा येऊन जातात आणि त्यातली सगळ्यात मोठी त्या आकड्याच्या पावणेदोन पट ते दुप्पट असू शकते. दोन मीटर म्हणून काम सुरू करायचं आणि साडेतीन मीटरची वाट पाहत बसायचं, हा आमचा धंदा.

उचल कशावर ठरते ते घरीही बघता येतं. तळाशी थोडी वाळू घातलेला रिकामा डबा बादलीत उभा तरंगू द्या, बोटाने दाबून सोडा. तो आपल्या ठरलेल्या तालात वर-खाली होतो. पाण्याच्या रेषेवर डबा जितका रुंद तितका ताल जलद, आणि वजन जितकं जास्त तितका संथ. बार्ज म्हणजे रुंद, चपटा डबा. तिचा ताल ६-७ सेकंदांच्या आसपास. त्याहून संथ लाट आली की ती मुकाट्याने लाटेबरोबर जाते. सेमी-सबमर्सिबल रिगमध्ये इंजिनिअरांनी नेमकं उलटं केलं : मोठाले तराफे पाण्याच्या बरेच खाली, आणि पाण्याच्या रेषेवर फक्त थोडे खांब. तिचा ताल वीस सेकंदांच्या वर जातो. आपल्याकडच्या पावसाळी लाटा साधारण ८ ते १२ सेकंदांच्या, म्हणजे सेमीने उठायचं मनात आणेपर्यंत लाट निघून गेलेली असते. खोल समुद्रात काही प्लॅटफॉर्म पोलादी नळ्यांनी तळाला ताणून बांधतात. त्यांचा ताल २ ते ४ सेकंद, लाटेपेक्षा जलद. खटपट सगळीकडे एकच, लाटेशी ताल जुळू द्यायचा नाही. आणि आम्हाला राहायला काय, तर चपटी बार्ज. ती स्वस्त पडते हे मला कळतं. सगळीकडे सेमी आणा असं मी म्हणत नाही. पण जे स्वस्तात घेतलंय ते किती उचलतं, एवढं तरी मोजा.

माझं स्वतःचं सांगतो.

एका मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. वर्ष आणि कंपनी सांगत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही. वारा जवळजवळ नव्हता. हवामानाच्या कागदावर लाट दीड मीटर, मर्यादेच्या आत. पण त्या दिवसांत दक्षिणेकडच्या महासागरातून लांबचं उधाण येतं, भरतीचं नव्हे, दुरून चालत आलेल्या लांब, संथ लाटांचं. पाणी गुळगुळीत दिसतं, फेस नसतो, फक्त समुद्र हळूच श्वास घेतल्यासारखा फुगतो. मी प्लॅटफॉर्मच्या क्रेनवर होतो. खाली सप्लाय बोट, तिचं मागचं डेक माझ्याकडे. बोटीची शेपटी नुसती उचलली जात नाही. बोट पुढे-मागे झुलते त्याची भर शेपटीला पडते, आणि सामान नि माणसं उतरवायची ती तिथेच.

बास्केटमध्ये चौघे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : खाली गोल कडं, वर निमुळती दोराची जाळी. बॅगा आत टाकायच्या, माणसांनी बाहेरून कड्यावर उभं राहायचं आणि हात जाळीत अडकवायचे. मी लाटा मोजत होतो. लाटा टोळीने येतात. चार-पाच मोठ्या झाल्या की थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत बास्केट टेकवायची. टोळी गेली असं मला वाटलं. मी दोर सोडला, आणि डेकपासून दीड मीटरवर असताना डेकच वर आलं. बास्केट खाली जात होती, डेक वर येत होतं, दोन्ही वेग एकत्र. आवाज मला केबिनमध्ये ऐकू आला नाही. दोर ढिला पडलेला मात्र दिसला.

तिघे सावरले. चौथा संगमेश्वरकडचा फिटर, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याची टाच फुटली. अहवालात लिहिलं गेलं : उतरताना पाय घसरला. नंतर हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की घसरून घोटा मुरगळतो, टाचेचं हाड असं फुटतं ते उंचावरून पायांवर पडल्यावर. तो कुठून पडलाच नव्हता. जमीनच त्याच्यावर येऊन आदळली होती. अहवालात ते लिहायला जागा नव्हती, कारण लाट मर्यादेत, वारा मर्यादेत, क्रेन तपासलेली. चारही चौकोन बरोबर, म्हणजे चूक पोराच्या पायाची. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

म्हणून माझ्या तक्रारी या अशा :

एक. तरंगत्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवायचं असेल तर ते डेक वर-खाली किती वेगाने होतंय, हे जगभर विचारतात. उत्तर समुद्रातल्या ब्रिटिश नियमांत त्यासाठी सेकंदाला मीटर-सव्वा मीटरच्या आसपास मर्यादा आहेत आणि पायलटला तो आकडा उतरण्याआधी सांगतात. त्याच जहाजाच्या दुसऱ्या टोकाला बास्केटमधून माणूस उतरत असतो. मी ज्या ज्या डेकवर माणसं उतरवली, तिथे हा आकडा मला कोणी कधी सांगितला नाही.

दोन. ड्रिलशिपवर उचलीचा बंदोबस्त फार सुंदर आहे. जहाज वर-खाली होतं, पण खाली दोन-तीन किलोमीटरवरची बिट, म्हणजे पाईपच्या टोकाचं भोक पाडणारं पातं, दगडावर टेकलेली राहावी म्हणून मनोऱ्यात हीव्ह कॉम्पेन्सेटर असतो. जहाज वर गेलं की तो पाईप खाली सोडतो, जहाज खाली आलं की वर घेतो. सात-साडेसात मीटरपर्यंतची हालचाल तो पचवतो. मी तासन् तास तो बघत उभा राहिलोय. बिटला झटका बसू नये म्हणून एवढं सगळं! माणसांसाठीही असं यंत्र आहे. हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठातून निघालेल्या इंजिनिअरांनी सहा सिलिंडरवर उभी राहणारी शिडी केली. पायलटांना शिकवायचा सिम्युलेटर जसा हलतो, त्याच्या उलट ती हलते : खाली बोट नाचते आणि वरची पायरी स्थिर राहते. माणूस चालत प्लॅटफॉर्मवर जातो. महाग आहे, मान्य. बिटच्या यंत्राची किंमतही एकदा विचारून बघा.

तीन. झोप. उभ्या हालचालीने पोट ढवळण्यावर बरंच संशोधन झालंय आणि त्यावरून आंतरराष्ट्रीय मानकही ठरलंय. पाच-सहा सेकंदांच्या तालाची उभी हालचाल माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते. चपट्या बार्जचा स्वतःचा ताल याला अगदी खेटून. रात्रभर ओकलेला माणूस सकाळी सहाला परांचीवर चढतो आणि कामाआधीच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये त्याला विचारतात, हेल्मेट घातलंस का.

चार. नकार. क्रेनवाल्याला काम थांबवायचा अधिकार आहे, असं भिंतीवर लिहिलेलं असतं. थांबवल्यावर बार्जचं रोजचं भाडं कोणाच्या खात्यावर पडणार, ते करारात लिहिलेलं असतं. भिंत आणि करार यांत कोण जिंकतं हे मला विचारू नका. 'वेटिंग ऑन वेदर', म्हणजे हवेमुळे काम थांबलं, हे सिद्ध करायला आकडा लागतो, आणि कागदावर आकडा एकच, लाटेची उंची. ती मर्यादेत असेल तर "मला डेक बरं वाटत नाही" हे कारण नसून भित्रेपणा ठरतो. माझ्याकडे उचलीचा आकडा असता तर मी त्या दिवशी भांडलो असतो. निदान तसं मला वाटतं.

आता २७ जुलै २००५. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मी सुट्टीवर, घरात गुडघाभर पाण्यात. तिकडे मुंबई हाय नॉर्थला समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली होती. हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला बास्केटने प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन चालत नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने, शेपटी पुढे करून आलं. माणूस वर पोहोचला. मग जहाज जोरात उचललं गेलं, मागचं हेलिडेक गॅसच्या रायझरवर, म्हणजे तळापासून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या उभ्या पाईपवर, आदळलं, आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून गेला. ३८४ पैकी २२ जण गेले. त्या दिवशी बरंच काही चुकलं होतं, रायझरला नीट आडोसा नव्हता हेही त्यात आलं. पण सगळ्याच्या शेवटी जे घडलं ते एका डेकचं वर येणं होतं. वीस वर्षं उलटली तरी त्या वर येण्याला फॉर्मवर चौकोन नाही.

२०२१ च्या मे मधलं पी-३०५ मी या पत्रात फार ओढत नाही. तौक्ते चक्रीवादळात त्या राहण्याच्या बार्जचे नांगर सुटले, ती बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. ती आणि वरप्रदा ही टग मिळून ८६ जण गेले. तो अपघात उचलीचा नव्हता. हवामान खात्याचे इशारे असताना थांबायचा निर्णय झाला, त्याचा होता. एवढंच म्हणतो की मेच्या मध्यापर्यंत चपट्या बार्जवर माणसं ठेवण्याची सवय त्यामागेही होती. माझ्या ओळखीतला एक जण त्यात होता. नौदलाने त्याला दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढलं. तो आता कल्याणला रिक्षा चालवतो आणि खाडीच्या पुलावरून जाताना बाहेर बघत नाही.

मागण्या साध्या आहेत.

माणसं राहतात किंवा उतरतात अशा प्रत्येक तरंगत्या बार्जवर नि बोटीवर उचल मोजणारं यंत्र बसवा आणि आकडा क्रेनच्या केबिनमध्ये दिसू द्या. हे यंत्र जेवणाच्या डब्याएवढं असतं. संगणकाने जागा धरून ठेवणाऱ्या जहाजांवर ते आधीपासून आहेच. ब्रिजवर आकडा असतो आणि क्रेनवाला अंदाजाने काम करतो, हा प्रकार बंद करा.

परवान्यात लाटेच्या उंचीसोबत लाटेचा काळ, उधाणाची दिशा आणि डेकच्या मागच्या टोकाचा वर-खाली होण्याचा वेग, असे रकाने घाला. पहिले दोन आकडे कुठून आणायचे हा प्रश्न नाही. हैदराबादची इन्कॉईस संस्था समुद्राचा अंदाज देते, त्यात ते असतात. मच्छीमारांनाही मिळतात.

वेगाची मर्यादा ठरवा. ती ओलांडली की काम थांबेल, त्या तासांचं भाडं कोण देणार ते करारात आधी लिहा, आणि थांबलेल्या दिवसाची रोजंदारी कापू नका.

माणसांनी भरलेल्या चपट्या बार्ज मे महिन्यात कोणत्या तारखेला आणि उधाणाच्या कोणत्या आकड्याला जागा सोडतील, हे सीझन सुरू होतानाच जाहीर करा. वादळ आल्यावर बैठक घेऊ नका.

अपघाताचे अहवाल कामगारांना मराठीत आणि हिंदीत वाचायला द्या, सही घेण्याआधी.

भाचा पुढच्या महिन्यात न्हाव्याहून बोटीने निघेल. बास्केटवर गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, कडं टेकण्याआधी उतरायची घाई करायची नाही, आणि क्रेनवाला थांबलेला दिसला तर ओरडायचं नाही, हे मी त्याला शिकवलंय. डेक किती वर येतंय हे मी त्याला घरी बसून शिकवू शकत नाही.

एक वैयक्तिक विनंती. तो जुना अहवाल कुठल्या तरी फाईलीत असेलच. 'पाय घसरला' हे खोडून 'डेक वर आलं' असं लिहिता येतं का, आणि त्यासाठी मला कोणत्या कार्यालयात यावं लागेल, ते कळवावं. सही करायला मी येतो.

आपला,
एक निवृत्त क्रेन ऑपरेटर
शिवडी, मुंबई